नालुगोचा ड्रायर

— नाही नाही, न्याबो, बाईसाहेब, पार्लर कसलं, घरच आहे हे माझं. मसाकातल्या कुठल्याही शिक्षिकेचं असतं तसं. ही होय? ही शेजारीण, काटोची आई, मामा काटो म्हणतात तिला. सहज आलीय. डोक्याला रोलर लावून सहज येतात की बायका — आणि वर ते ड्रायरचं टोप, ते म्हणजे... तुम्ही बसा ना आधी. कर्जाच्या ऑफिसातून कुणी येणार असेल तर निरोप तरी धाडावा हो.

हळू बोलू नका, तिला टोपाखाली काही ऐकू येत नाही. म्हणून तर बायका त्यात बसून एवढ्या मोठ्यांदा बोलतात. परवा हिने सासूबद्दल जे काही सांगितलं ते सासूनेच ऐकलं, रस्त्यापलीकडे, मातोकेची केळी सोलता सोलता.

हो, नालुगोचाच ड्रायर. ओळखलात म्हणजे. पण नियम तुमच्याच ऑफिसचा, मी मनाने काही केलं नाही — गटातल्या एकीने हप्ते चुकवले की बाकीच्यांनी जाऊन तिची कामाची वस्तू उचलायची आणि चिटणिसाच्या घरी ठेवायची. चिटणीस मी. कॉलेज शिकलेली म्हणून, नाहीतर चारचौघीत माझा आवाज तरी फुटतो का? उचलायला गेलो तेव्हा माझ्याच हातून वायर दोनदा सुटली, नालुगोनेच मला पाणी दिलं, वर म्हणाली, बाई, वायर नीट गुंडाळा, पायात येईल. आता मला सांगा, जिचं पोट ड्रायरवर, तिचाच ड्रायर नेल्यावर ती फेडणार कशातून? ऑफिसात कुणाच्या डोक्यात आलं नाही हे. नालुगोच्या आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक घेऊन दारात हजर. मग काय — घेतलं आत.

फेडलं की. सगळं थकलेलं फेडलं तिने, इथेच, लोकांचे केस करून. 'वस्तू परत केली' असं तुमच्याकडे लिहिलंय? हो... मीच कळवलं. म्हणजे करणारच होते. न्याबो, त्यासाठी गटाचं नवं कर्ज अडवू नका हो. मामा काटोला शिलाई मशीन घ्यायचंय, तिचा काय दोष? गटातल्या बायकांना यातलं काही ठाऊक नाही. नालुगोलाही नाही. तिला मी सांगितलंय — ड्रायर परत न्यायला ऑफिसची परवानगी यायचीय. तुमची. रोज विचारते बिचारी, आली का, बाई? मी म्हणते, ऑफिसचं काम, वेळ लागायचाच.

का म्हणजे? मला ड्रायर कशाला, माझे केस बघा, टोचतील एवढेसुद्धा नाहीत. पण बदली होऊन आले ना इथे, तेव्हा पत्र्यावर पाल पळाली तरी मी दिवा लावून बसायची. शाळा सुटली की भिंतींशी बोलायचं. आता रस्त्यातूनच हसणं ऐकू येतं, मला न विचारता माझ्याच चुलीवर कुणीतरी चहा टाकलेला असतो. दार वाजलं की मी कशी दचकते त्याची नक्कल करतात, माझ्याच तोंडावर — आणि अगदी हुबेहूब हो. ड्रायर गेला की हे सगळं त्याच्या मागोमाग जाणार. एवढंच. हे लिहू नका कुठे.

पाणी आणायला गेलीय नालुगो, येईलच. तिच्यादेखत मात्र — आलीस? ठेव बादली. नाही गं, गिऱ्हाईक नाहीत. ऑफिसच्या आहेत. हो, त्याच. मला काय बघतेस, त्यांनाच विचार. न्याबो, ही विचारतेय... परवानगीचं.

काय म्हणालात?

ऐकलंस ना, नालुगो. आली म्हणतात. आजच ने. मामा काटोचे केस वाळू देत आणि मग काढ वायर. एकटी उचलू नकोस, एक बाजू मी धरते. आणि न्याबो, तुम्ही जरा उठता का? ती खुर्चीही तिचीच आहे.