वाळवंटात काढलेलं जॅकेट

अरे, वाळवंटात माझं जॅकेट कसं गेलं ते सांगितलं का तुम्हाला?

डिसेंबरात पुण्याहून अतुलकाका आला होता. इथे दक्षिण गोलार्धात तेव्हा उन्हाळा असतो, म्हणून बाबा म्हणाले, आपल्या लोअर हटहून एका दिवसात रंगिपोचं वाळवंट बघून येऊ. काकाने मला हळूच विचारलं, "काय रे, गरम असतं का तिकडे?"

मी शाळेच्या ट्रिपला तिथे कुडकुडून आलेलो. शेजारीच बर्फाचे डोंगर आहेत. तरी म्हटलं, "काका, वाळवंट आहे. हीप्स गरम, म्हणजे खूपच!"

निघताना आई म्हणाली, "भावजी, स्वेटर घ्या."

"वहिनी, मी अख्खं राजस्थान फिरलोय," म्हणत काका हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून गाडीत बसला.

तिथे उतरल्या उतरल्या वाऱ्याने त्याची टोपी उडाली आणि दात वाजायला लागले. मी माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

बाबा म्हणाले, "अतुल, स्वेटर नाही आणलास?"

"तुझा मुलगा म्हणाला, इथे गरम असतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मला तरी गरमच होतंय."

"मग काढ की जॅकेट," काका म्हणाला.

काढलं. काय करणार? ते काकाने घातलं, नुसत्या टी-शर्टमधला माझा फोटो काढला आणि फॅमिली ग्रुपवर टाकला, 'याला थंडी वाजतच नाही.'

जूनमध्ये इथे हिवाळा लागला. आजीने पुण्याहून सगळ्यांना स्वेटर विणून पाठवले.

मला सोडून.