आमचं तसलं काही न्हाई, पण

मी केज तालुक्यातला. आमचं घर बौद्धवाड्यात. बाप सालगडी, मी दहावी पास झालो तवा त्यानं वाड्यात गूळ वाटला. गावात दूध सोसायटी निघाली अन् चेअरमन आबा मला म्हणले, शिकलेला हाईस, माप घ्यायला ये. काय सांगू तुमाला, पहिल्या दिवशी मी दोनदा अंघोळ करून गेलतो.

सहा वर्षं दूध मापलं, माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं न्हाई. मग लागोपाठ दोन साल पाऊस गेला, चारा संपला, जनावरांची हाडं वर आली, दूध पाण्यावाणी यायला लागलं. त्यात एका उन्हाळ्यात दुधाची जीप रस्त्यात बंद पडली, कॅन उन्हात राहिले, सगळं दूध नासलं. जीप बंद पडली हे समद्यांना ठावं, तरी बैठक बसली ती माझ्यावर.

पहिला उठला तो म्हणला, आमचं जातीचं तसलं काही न्हाई, पण बायका कुरकुरतात. दुसरा म्हणला, पोरगं सोन्यावाणी हाय, राग मानू नको, पण हात बदलून बघू. एकटा तात्या, मला रोज जातीवरून शिव्या देणारा म्हातारा, तो सरळ म्हणला, हाकला याला. तात्याशी मी भांडलो. बाकीच्यांशी कसा भांडू, ते तर माझं कौतुकच करत होते.

शेवटी आबा म्हणले, मी याच्या घरी जेवलेला माणूस, पण गाव चालवायचं हाय. अन् कागद पुढं केला. त्यात लिहिलेलं, मी राजीखुशीनं माप सोडून कॅन धुवायचं काम मागतो. मी म्हणलो, आबा, मी कवा मागितलं? आबा हसले, म्हणले, अरे, तुझी इज्जत राहावी म्हणून तसं लिहिलंय. बाप दाराबाहेर उभा होता, आबांच्याच शेतात कामाला. त्यानं माझ्याकडं बघून सही कर म्हणून मान हलवली. मी सही केली. आबा बैठकीला म्हणले, बघा, किती समजूतदार पोरगं हाय.

मग कॅनच धुतले, लई वर्षं. पाणी टँकरचं, तेबी उरलं तर, न्हाईतर राखेनं घासायचं. दूध उन्हाळ्यात नासायचंच, तवा म्हणायचे, कॅन कोण धुतं बघा. पण काढलं न्हाई मला. कावून काढतील, धुवायला दुसरं कोण येणार?

बाप गेला. त्या सहीवर आमी दोघं कधीच बोललो न्हाई. आता सोसायटीबी बंद हाय, कॅन धुवायच्या सोड्यानं फुटलेले हात भाकरी मोडताना झोंबतात. आबा थकलेत. रस्त्यात भेटले की खांद्यावर हात ठेवून सोबतच्याला सांगतात, हा आमचाच माणूस. मी म्हणतो, आबा, शंभर वर्षं जगा. तोंडातून तेवढंच निघतं, अन् त्या दिवशी मला जेवण जात न्हाई.