ट्रकच्या दिव्यांना काजळ

...आणि वर सरिता मलाच विचारते, तुम्हाला हे करायला सांगितलं कोणी! आता बायकोला काय सांगणार, मोबाइलनं सांगितलं? तुम्हाला सांगतो, त्या व्हिडिओतला पोरगा एका हातानं काळा स्प्रे फुसफुसवतो, ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांना नुसती कड मारतो, आणि गाडी अशी दिसायला लागते की वाटतं, हिच्यात माल कसला भरता, हिला हार घाला! म्हटलं आपलाही ट्रक आहे, नाशकातल्या अंबडच्या कारखान्यांचे लोखंडी भाग वाहून वाहून म्हातारा झालाय, आणि त्यात आमच्या लेकीला, हर्षालीला, बघायला येवल्याहून पाहुणे यायचेत... मुलीच्या बापाची गाडी लोक बघतात की नाही? आणला डबा, बसलो दारात, मारली कड. कड जरा वाकडी आली. ती सरळ करायला थोडा आत गेलो, मग दुसरी बाजू जुळवायला आणखी आत... असं करत करत दोन्ही दिवे काळेकुळकुळीत! सरिता दारातूनच म्हणाली, "अहो, काजळ पापणीला घालतात, बुबुळाला नाही."

पण दिसायला? एक नंबर!

पाहुणे आले. मुलाचे वडील भिमाजीअण्णा, आई नवसाबाई आणि मुलगा वाल्मीक, जो पोह्याच्या बशीआडून हर्षालीकडे बघता बघता रिकामा चमचाच चावत होता. मुलगी पसंत, पोहे पसंत, मुक्काम पसंत. पण होकार? अण्णा म्हणाले, सकाळी वणीच्या देवीचं दर्शन घेऊ, मग शब्द देऊ. तोवर मी आपला 'पाव्हणं'. तुम्हाला सांगतो, 'व्याही' एवढा एक शब्द ऐकायला माझे कान सशासारखे उभे राहिले होते! त्यांना रस्ता ठाऊक नव्हता. मी म्हटलं, काळजी कशाला, माझा ट्रक पुढं, तुमची मोटार मागं, फक्त माझे लाल दिवे सोडू नका...

आता मला सांगा, हे बोलताना माझी जीभ का नाही झडली?

पहाटे आम्ही तिघं ट्रकमधून निघालो तर धुकं असलं की खिडकीबाहेर हात काढला, तो परत आला तेव्हा माझाच आहे का म्हणून बोटं मोजून घेतली. आरशात मागे दोन दिवे दिसत होते, म्हणजे पाहुणे आहेत. तेवढ्यात अण्णांचा फोन, "पाव्हणं, जरा दमानं." मी दमानं घेतलं. "आता ब्येस." थोड्या वेळानं पुन्हा फोन, "तुमचे लाल दिवे लय झ्याक हायेत, नजर हटत नाय." मी सरिताला कोपरानं ढोसलं, ऐकलंस? एक नंबर!

वणीला पोचलो, हात जोडून मागे गेलो, तर मोटारीच्या जागी दुधाचा टेम्पो! दूधवाला म्हणाला, "दादा, गाडी काय दिसली नाय, नुसत्या खडखडाटावर आलो मागं." मग पाहुणे कुणाच्या दिव्यांमागं गेले? तोच फोन वाजला. अण्णांचा आवाज फ्रीजमधून काढल्यासारखा. "पाव्हणं, देवी ऱ्हायली बाजूला, तुमी तर आमाला आमच्याच दारात आणून सोडलं."

झालं असं, की नाशकातच धुक्यात त्यांनी भलत्याच ट्रकचे दिवे धरले, तो निघाला होता येवल्याला कांदा भरायला, आणि धुकं विरलं तेव्हा समोर त्यांचाच उंबरा, त्यांचीच म्हैस, आणि ती यांच्याकडे 'इतक्यात आलात?' अशा नजरेनं बघतेय! मागून नवसाबाई बोलताना ऐकू आल्या, देवीनंच माघारी धाडलं, नको हे स्थळ. इकडे हर्षालीनं ओठ असा घट्ट मिटला की माझंच काळीज हललं. मी तोंड उघडलं आणि थाप आपोआप बाहेर आली... आमच्यात रीतच आहे अण्णा, आधी पाहुण्यांना सुखरूप घरी पोचवायचं, मग आम्ही देवीला.

"मंग आत का न्हाई आले? चहा तरी घेतला असता."

मी म्हटलं, "लेकीच्या सासरचं पाणीसुद्धा पीत नाही आम्ही, अण्णा."

फोनमधून मला म्हशीचा श्वास ऐकू यायला लागला. आणि मग...

"व्याही," ते म्हणाले, "मानलं तुमाला."

जिंकलो! तिथल्या तिथं दूधवाल्याला मिठी मारली. पण व्याहीबुवा थांबतात कुठे? म्हणाले, वरातीत सगळ्यात पुढं तुमचाच ट्रक, तेच लाल दिवे, अख्खी वरात त्यांच्या मागं!

तेव्हापासून थिनर घेऊन घासतोय. काळा गेला, त्याच्या पाठोपाठ लालही गेला, आणि प्लास्टिक भिजलेल्या पापडासारखं वाकलं. नवे घ्यावेत तर आमच्या ट्रकचे दिवे कंपनीनं बनवायचे सोडून जमाना झाला. शेवटी तोडगा सरितानं काढलाय. तेव्हा लग्नाला या, आणि मुलीचा बाप मांडवात शोधू नका. तो ट्रकच्या मागच्या फाळक्यावर बसलेला असेल, डोक्याला फेटा, दोन्ही हातांत लाल फडकं गुंडाळलेल्या बॅटऱ्या. ब्रेक लागला की सरिता आतून पत्रा बडवणार, आणि मी दोन्ही बटणं दाबायची...

दिसायला? एक नंबर.