वच्छलामावशीच्या पंगतीतला भारत

अरे, अकोल्याच्या विद्यापीठात परदेशी पाहुणे आले होते, तेव्हाची गंमत सांगतो. शेजारशेजारच्या काही देशांचा एक गट आणि त्यांच्यासोबत बाहेरचे भागीदार देश. तूर दाखवायला त्यांना मूर्तिजापूरकडे वच्छलामावशीच्या शेतात नेलं. कोणी कुठं बसायचं, याच्या चिठ्ठ्या करण्यात माझा आठवडा गेलेला. जेवणाच्या पंगतीतही गटातले पुढे, भागीदार मागे.

मावशीनं विचारलं, "हे लोक मांगं काहून बसले?"

"ते गटातले नाहीत मावशी. बाहेरून जोडलेले आहेत."

"म्हणजे सोयरे झाले ना रे! सोयऱ्याईले आधी जेवू घाला लागते. भावकीनं वाढा लागते."

मी कपाळाला हात लावला. पण दुभाष्यानं ते सांगूनही टाकलं, आणि गटातले मोठमोठे राजदूत हसत उठले. कोणाच्या हातात रोडग्यांची टोपली, कोणाच्या हातात वांग्याच्या भाजीची बादली! सकाळी बैठकीत संयुक्त निवेदनाच्या मसुद्यातल्या एका वाक्यावरून तासभर भांडलेली माणसं आता एकमेकांना आग्रह करकरून वाढत होती.

आपले दिल्लीचे साहेब भागीदारांतच बसलेले. त्या गटाला भारतही बाहेरचाच ना! मावशी त्यांच्यापुढे थांबली.

"तुमी कुठचे?"

"भारत."

"मंग उठा. पंगत आपल्या घरची हाय."

साहेब उठले आणि शेवटपर्यंत वाढत राहिले. ते बसले तोवर रोडगे संपले होते. मावशीनं स्वतःसाठी ठेवलेला एक आणला, अर्धा मोडून त्यांच्या ताटात ठेवला आणि शेजारी बसत म्हणाली, "घरच्याईचं असंच असते, बाप्पा."