अठराव्या मजल्यावरची खुर्ची

जेफ्वा : आणि ते तिकडे धुरकट दिसतायत ना, ते न्गोंगचे डोंगर. हवा स्वच्छ असली की मागच्या बाजूला केनिया पर्वताचा बर्फसुद्धा दिसतो.

चेंगो : बर्फ घेऊन मी काय करू? तुझं ऑफिस दाखव.

जेफ्वा : दाखवतो, बाबा. आधी शहर तर बघा. अठ्ठावीस मजले वर आलोय आपण. आपल्या कालोलेनीचे लोक नैरोबीला येतात, खाली चौकात या मनोऱ्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि बस पकडतात. वर कुणी येत नाही. गावातले तुम्ही पहिलेच.

चेंगो : ते गावात सांगेन. घरात काय सांगू ते बोल. तुझ्या आईनं निघताना माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलंय. जेफ्वाच्या ऑफिसात जायचं, तो बसतो ती खुर्ची बघायची, तिला हात लावायचा, मगच घरी यायचं.

जेफ्वा : खुर्चीला हात कशाला?

चेंगो : म्वारो नारळाचा ट्रक घेऊन इथं आला होता. परत आल्यावर आपल्या अंगणात बसून सांगत होता, तुमच्या जेफ्वाला पाहिलं, एका इमारतीला दोरानं लटकला होता. माडाला गाडगं लटकतं तसा. त्या दिवसापासून तुझी आई धड जेवत नाही.

जेफ्वा : म्वारोला चष्मा लागलाय.

चेंगो : मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, तुम्हाला लागलेला नाही ना, मग तुम्ही बघून या.

जेफ्वा : ही तळलेली मांदाझी खा थोडी. सकाळपासून एकच खाल्लीत.

चेंगो : तूच खा. आणि ही बाटली धर, आईनं माडी दिलीय. रात्रभर बसमध्ये हिंदकळून आंबटली असेल.

जेफ्वा : आपली आहे?

चेंगो : आपली कुठून असणार? म्वारोकडून घेतली. आता सांग, ती सगळ्यांत उंच, टोकदार, ती कसली?

जेफ्वा : विम्यावाल्यांची. टोकावर पवनचक्क्या आहेत. वर वारा फार, आणि काच तिरकी असल्यानं पाणी सरळ ओघळत नाही.

चेंगो : आणि ती दोन गोल नळकांडी?

जेफ्वा : वर्तमानपत्रवाल्यांची. गोल इमारत त्रासाची, बादली सारखी फिरत राहते. तिच्या पलीकडचा उंच राखाडी मनोरा करवाल्यांचा. रस्त्याकडच्या बाजूला गुरुवारपर्यंत बोटभर धूळ बसते. आणि त्या झाडांजवळच्या इमारतीच्या गच्चीवर मोठाले बगळे येऊन बसतात. त्यांची घाण नुसत्या साबणानं निघतच नाही.

चेंगो : तू यांच्यापैकी कुठे कुठे नोकरी केलीस?

जेफ्वा : नोकरी नाही केली. येता-जाता दिसतं.

चेंगो : बरंच दिसतं तुला. दारावर पाटी काय आहे ते एकाचंही सांगितलं नाहीस, काचा मात्र सगळ्यांच्या पाठ.

जेफ्वा : माझी इमारत ती. निळ्या काचेची, जवळच आहे. बँक आहे खाली. अठरावा मजला. पण आज शनिवार, बंद असतं.

चेंगो : थांब, मोजू दे. खालून एक, दोन... अठरा मजले म्हणजे आपल्या विहिरीजवळच्या माडासारखे तीन माड एकावर एक.

जेफ्वा : साधारण तेवढंच.

चेंगो : चौदा, पंधरा... तुझ्या अठराव्या मजल्याबाहेर दोन माणसं लटकतायत.

जेफ्वा : काचा पुसतायत.

चेंगो : शनिवारी?

जेफ्वा : ऑफिस बंद असतं तेव्हाच पुसतात.

चेंगो : त्यातला एक लाल फडकं हलवतोय. आपल्याकडे बघून.

जेफ्वा : इथं माणसं दिसली की ते सगळ्यांनाच हलवतात.

चेंगो : तुझा फोन वाजतोय.

जेफ्वा : हं, ओपियो. हो, आहेत सोबत. नाही. नंतर करतो. अरे, हलवू नको म्हणतोय ना. ठेव.

चेंगो : ओपियो म्हणजे तोच लाल फडक्यावाला?

जेफ्वा : मित्र आहे. एका खोलीत राहतो आम्ही.

चेंगो : हात बघू तुझा.

जेफ्वा : कशाला, बाबा?

चेंगो : हात. उलटा नाही, तळवा. ही रेघ दोराची आहे. सकाळी बसमधून उतरलो, तू माझा हात धरलास, तेव्हाच कळलं मला. अर्धं शहर मला दाखवून होईपर्यंत वाट बघितली, की हा आपल्या तोंडानं सांगेल.

जेफ्वा : सांगणार होतो.

चेंगो : कधी? मी परतीच्या बसमध्ये चढल्यावर?

जेफ्वा : आधी ऑफिसातच होतो. खोटं नाही सांगितलं. तीन महिने होतो, कागदांच्या नकला काढायचो. मग ते ऑफिस उठून दुसरीकडे गेलं. खालच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, काचांच्या कामाला माणूस हवाय, उंचीची भीती नसलेला. मी गेलो.

चेंगो : शिव्या द्याव्यात म्हटलं तर तेही होत नाही. तुला माझ्या बापाचं नाव ठेवून बसलोय. तुला काही बोललो की बापाला बोलल्यासारखं वाटतं.

जेफ्वा : द्या एखादी. आजोबा काही म्हणणार नाहीत.

चेंगो : थट्टा नको करू. काहिंदीला मातीत ठेवलं त्या दिवशी आईला शब्द दिला होतास. पाय जमिनीवरच ठेवीन, उंच चढणार नाही म्हणून. तुझ्या भावाच्या नावाचा खांब घरामागं रोवला, त्याला हात लावून दिला होतास.

जेफ्वा : तुम्हीही दिला होतात.

चेंगो : दिला होता.

जेफ्वा : मला आवडतं हे काम. राग येऊ दे, पण तेही खरंच आहे. ऑफिसात दिवसभर मान खाली. इथं वर गेलं की डोकं शांत होतं. तुम्हीच सांगायचात, शेंड्यावर पोचलं की घरातली भांडणं ऐकू येत नाहीत.

चेंगो : ते तुला सांगायची काय गरज होती मला.

जेफ्वा : काहिंदीलाही सांगायचात.

चेंगो : हो. त्यालाही सांगायचो. जेफ्वा, त्याचा पाय माडाच्या ज्या खाचेतून निसटला ना, ती खाच मी कापलेली. जुनी झाली होती, कडा झिजल्या होत्या. पावसाआधी नवी कापायची होती. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ताप होता, म्हणून तो चढला.

जेफ्वा : हे कधी बोलला नाहीत.

चेंगो : तुझ्या आईला सांगितलंय. त्यानंतर सहा वर्षं तिनं कोयता धान्याच्या कणगीखाली ठेवला. मी मागितला नाही, तिनं दिला नाही.

जेफ्वा : मग आता तिला काय सांगणार? तिनं बोलावलं तर मला यावं लागेल. ती एकदा बोलली की मला नाही म्हणता येत नाही, तुम्हाला माहीत आहे.

चेंगो : माहीत आहे. चल.

जेफ्वा : कुठे?

चेंगो : खुर्ची बघायला. हात न लावता गेलो तर मलाच घरात घेणार नाही.

जेफ्वा : खुर्ची नाहीये, बाबा.

चेंगो : वर कशावर बसतोस मग? हवेवर?

जेफ्वा : एक फळी असते.

चेंगो : तीच दाखव.

(शेजारच्या निळ्या काचेच्या इमारतीची गच्ची. दोरांची वेटोळी, बादल्या, कठड्यावर टाकलेली गोणपाटं.)

ओपियो : या बाबा, या. मी तिकडून एवढा हात हलवला, तुमचा मुलगा ओळखच देत नव्हता. साहेब झालाय. चहा घ्या, आम्हीही आत्ताच वर आलोय.

चेंगो : चहा नंतर. याची फळी कुठली?

ओपियो : ती बघा, निळ्या पट्ट्याची. आज तिला सुट्टी.

चेंगो : लाकूड चांगलं आहे. कडेला कापड कुणी शिवलं?

जेफ्वा : मीच. दोन तास बसलं की मांडीला रुततं.

चेंगो : हं. आता दोर सांगा मला. हे दोन का?

ओपियो : एक कामाचा, एक जिवाचा. कामाचा तुटला तर जिवाचा धरतो. फळी एकावर, माणूस दुसऱ्यावर.

चेंगो : आमच्याकडे एकही नसतो. नुसत्या खाचा आणि पायाची बोटं. गाठ कोण मारतो?

ओपियो : ज्याची त्यानं मारायची. मग दुसऱ्यानं ओढून बघायची. त्याशिवाय कठडा ओलांडायचा नाही.

चेंगो : आणि दुसरा म्हणाला, उद्या बघू?

ओपियो : मग त्या दिवशी कुणीच उतरत नाही. इथं बसून चहा पितो आणि मुकादमाच्या शिव्या खातो.

चेंगो : हे गोणपाट इथं कशाला टाकलंय?

जेफ्वा : कठड्याच्या कडेवर दोर घासू नये म्हणून.

चेंगो : मग ते दोराखाली हवं. हे वीतभर बाजूला सरकलंय. जेफ्वा, इकडे ये, बोट फिरव इथं. डोळ्यानं नको बघू, बोट फिरव.

जेफ्वा : खरखरतंय.

चेंगो : तंतू सुटायला लागलेत. हा कुणाचा?

ओपियो : बघू. हा माझा, बाबा. माझा जिवाचा दोर.

चेंगो : सकाळी बघितला होता कुणी?

ओपियो : ओढून बघितला. गाठ बघितली. कडेपाशी बोट नाही फिरवलं.

जेफ्वा : मी असतो तर मीही नसतं फिरवलं.

चेंगो : चहा झाल्यावर यावर उतरू नकोस, बाळा.

ओपियो : नाही उतरत. हा मी काढूनच टाकतो. अरे जेफ्वा, ती सुरी दे, याचे तुकडे करतो. नाहीतर दुपारी दुसरा कुणीतरी उचलायचा.

जेफ्वा : ही घे. बाबा, बसा जरा. इथं सावलीत बसा.

चेंगो : बसतो. पाय पसरू दे जरा.

जेफ्वा : तुमच्या घोट्यांवर हे ओरखडे कसले? दोन्ही पायांना, आतल्या बाजूनं.

चेंगो : बसमध्ये पाय अवघडून बसलो होतो.

जेफ्वा : ही माडी चाखली मी लिफ्टमधून उतरताना. म्वारोकडे सगळे माड ओढ्याकाठचे, त्यांची माडी पाणचट असते. ही विहिरीजवळच्या माडाची आहे.

चेंगो : आंबली की सगळ्या सारख्याच लागतात.

जेफ्वा : लहानपणी मी रोज सकाळी हीच प्यायलोय.

चेंगो : तीन माड. बाकीच्यांना हात लावला नाही. सकाळी ती पाण्याला जाते, तेवढ्या वेळात चढून उतरतो. कोयता कणगीखालून मार्चमध्येच काढला.

जेफ्वा : शब्द दिला होतात.

चेंगो : तूही दिला होतास.

ओपियो : काय रे, तुम्ही दोघं भांडताय की काय? माझ्याशी स्वाहिलीत बोलता, पण तुमची आपसातली गावची भाषा मला कळत नाही. चेहरे कळतात.

जेफ्वा : भांडत नाही. हिशेब बरोबरीत सुटला.

चेंगो : कसला सुटला? मी साठीचा आहे. तुला अजून संसार करायचाय. तुझं माझं सारखं नाही.

जेफ्वा : बाबा, फोन. तुमचा. आईचा आहे.

चेंगो : तू घे.

जेफ्वा : तुम्हाला केलाय तिनं.

चेंगो : हॅलो. हो, पोचलो. खाल्लं, मांदाझी खाल्ली. हो, समोरच आहे माझ्या. चांगला आहे, अंग धरलंय. हं. बघितली. हो, हात लावला, आत्ताच लावला. लाकडाची आहे. नाही, पाठ नाहीये तिला. हात टेकायलाही काही नाही. नाही गं. पायसुद्धा नाहीत, दामा.

ओपियो : काय झालं?

जेफ्वा : गप्प बस जरा.

चेंगो : ऐकतोय. हो. इथंच उभा आहे. हो, तपासला. हं. हो, ते कळलं. बरं. ठेवतो.

जेफ्वा : रडली?

चेंगो : नाही.

जेफ्वा : परत ये म्हणाली?

चेंगो : तसं नाही म्हणाली. तिनं विचारलं, दोर तपासलात का.

जेफ्वा : तुम्ही काय म्हणालात?

चेंगो : तपासला म्हटलं. तर म्हणाली, परत तपासा. आणि घरी आलात की चढायच्या आधी आपल्या माडाच्या खाचाही नव्या कापून घ्या.

जेफ्वा : म्हणजे तिला ठाऊक होतं?

चेंगो : मार्चपासून. ती पाण्याला जातच नव्हती म्हणे. मी खाली उतरेपर्यंत विहिरीमागं उभी राहायची.

जेफ्वा : रोज?

चेंगो : रोज. तुझा दोर आण इकडे. एका टोकापासून बघत येऊ.