फोटोत बॅनर पूर्ण पाहिजे

आमच्या समाजसेवेच्या क्लबात बॅनरचं फार होतं, बरं का. चष्मे दोन कमी पडले तर चालतील, पण फोटोत बॅनर पूर्ण आला पाहिजे, असा अध्यक्षांचा हुकूमच होता. त्या वर्षांत खेड्यांतून रोज शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्या यायच्या, म्हणून आम्ही आपलं जमेल ते करत फिरायचो. कौंडण्यपूरजवळच्या एका गावात असंच डोळ्यांचं शिबिर घेतलं. चष्मे वाटतानाचे फोटो आमच्याच सलीमभाईनं काढले.

दोनेक वर्षांनी त्या गावची एक बाई आमच्या शहरात, राजापेठेत सलीमभाईच्या स्टुडिओत आली. मी तिथंच बसलो होतो.

"आमच्या घरच्याईचा फोटो पायजे," ती नवऱ्याबद्दल म्हणाली. "ते वारले. जिंदगीत कधी फोटो काढला नाई त्याईनं. तुमच्या शिबिरात तेवढे उभे होते."

आम्ही सगळे फोटो टेबलावर मांडले. प्रत्येकात बॅनर झकास, खाली अध्यक्ष हसताहेत. एका फोटोच्या कडेला मात्र चष्मा घ्यायला पुढं आलेला एक हात होता, करंगळी वाकडी असलेला. बाईनं त्यावर बोट ठेवलं.

सलीमभाई मान खाली घालून म्हणाला, "बाई, याच्यात चेहरा नाई आला."

"चेहरा याद हाये मले," ती म्हणाली. "हात इसरत चालली होती."

सलीमभाईनं तो हात मोठा करून, फ्रेम लावून दिला. त्यासाठी बॅनर कापावा लागला. अध्यक्षही.