भाकरी आणि कोकमाचं पाणी

नाय गो बाय, चपला बाहेरच काढ — चर्च असलं म्हणून काय झालं, आमच्यात खाली मांडी घालून बसतात. बाक नाहीत, ऑर्गन नाही, टाळ-मृदंग आहे बघ कोपऱ्यात. हे सगळं माझ्या आजाचं, रावजीचं. इंग्रजांचं राज्य, आणि हा गोऱ्या पाद्रीसाहेबाला तोंडावर म्हणाला — येशूला मानतो, तुम्हाला नाही! सात घरं घेऊन बाहेर पडला. साहेब प्रभुभोजनाला पाव आणि द्राक्षारस द्यायचा ना? आजानं तांदळाची भाकरी मोडली, कोकमाचं पाणी दिलं. अजून तेच चाललंय. मीच देतो — घेणारी आता चार डोकी, ते सोड.

आणि आमचा देवदत्त, सख्खा पुतण्या! येत्या रविवारी ठराव आणतोय — मिशनच्या मोठ्या चर्चात सामील व्हायचं. म्हणतो, काका, हट्ट पुरे झाला. हट्ट? म्हणून तर तुला बोलावलं. तू पुण्यात मिशनचे जुने कागद चाळतेस — म्हटलं, आजाचं काहीतरी सापडेलच, देवदत्तच्या नाकासमोर धरीन. हसतेस काय? आहेच मी हट्टी. माझी बहीण पद्मजा, तिनं मिशनच्या चर्चात लग्न केलं — गेलो नाही. चाळीस वर्षं बोललो नाही. ती वारली, तिच्या मातीलासुद्धा गेलो नाही, इथेच बसून राहिलो, दार लावून — जाऊ दे, हे लिहू नको. लिहिलंस? खोड ते.

आण, दाखव कागद. हो हो, अक्षर आजाचंच, सहीसुद्धा. 'कृपाळू साहेब' — कृपाळू? — 'आम्हांस परत पदरात घ्यावे. भाकरीचा प्रकार बंद करतो. मंडळीस मात्र साहेबांनीच आम्हांस बोलावले असे सांगावे.' ... साल काय गो? बाहेर पडल्यावर दोनच वर्षांनी? आणि साहेबानं? — उत्तरच दिलं नाही?

म्हणजे साहेबानं परत घेतलं नाही म्हणून आम्ही वेगळे राहिलो. आणि आजा मांडीवर बसवून मला शौर्याच्या गोष्टी सांगायचा, लबाड! आणि मी त्याच्यापायी सख्ख्या बहिणीला — शेवटी तिनं निरोप धाडला होता गो, आत्माराम, एकदा तोंड दाखव.

नको, पाणी नको. देवदत्तला मीच सांगेन, नाहीतर नाही सांगणार, तुला काय करायचंय? ऊठ. ऊठ म्हणतो ना.